शेवटची आंघोळ आणि आमचे साहित्य

गेल्या पावसाळ्यात तुळिंज येथे, आम्ही राहतो त्या इमारतीत, एका वृद्ध ख्रिस्ती विधवेचे पहाटे देहावसान झाले. माहेर मंगळूरकडचे, सासर मुंबईचे, आणि आयुष्याची अखेरची वर्षे नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेकडील या दाट वस्तीत गेलेली. एकुलती मुलगी आखाती देशात. जवळचे म्हणावे असे नातलग कुणी नाही. डॉक्टर दाखला देऊन गेले, धर्मगुरूंना निरोप गेला, आणि मुलीने फोनवरून ठरविलेल्या अंडरटेकरची दोन पोरे शववाहिका व पेटी घेऊन नऊच्या सुमारास दाराशी उभी राहिली. पोरे नम्र होती, कामाला चोख होती. ‘आंघोळ आम्हीच घालतो, नेसवायचे कपडे तेवढे काढून द्या,’ असे त्यांनी सांगितले. तेव्हा शेजारच्या खोलीतील मुसलमान बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, ‘नको रे बाळांनो. बाईची आंघोळ बाईच घालील.’

मग तीन जणी आत गेल्या. एक ह्या, दुसऱ्या वसई गावपट्ट्यातून लग्न होऊन इकडे आलेल्या कॅथलिक बाई, आणि तिसऱ्या सिंधुदुर्गातल्या, तळमजल्यावर खानावळीचे डबे करणाऱ्या. दार लागले. आम्ही पुरुष मंडळी बाहेरच्या गॅलरीत उभे राहून शववाहिका कोठवर येईल, मिस्सा किती वाजता, खड्डा खणायला कुणी गेले आहे का, याचा खल करीत राहिलो. आत पाण्याचा आवाज, तांब्याचा आवाज, मध्येच कुणी तरी हलक्या सुरात दिलेली सूचना. पाऊण तासाने दार उघडले तेव्हा म्हातारी नीटनेटकी होती. केस विंचरलेले, तोंड मिटलेले, हातांत रोझरी. पुढे आम्ही चौघांनी पेटीला खांदा दिला. त्याची छायाचित्रे निघाली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरची श्रद्धांजली आम्हीच लिहिली. या त्रैमासिकासाठी अशा श्रद्धांजल्या आम्ही गेली कित्येक वर्षे लिहीत आलो आहोत, त्यामुळे हात बसला आहे. जन्म, शिक्षण, संसार, चर्चची सेवा, स्वभावातला गोडवा, अंत्यविधीस जमलेला समुदाय, धर्मगुरूंच्या प्रवचनाचा आशय. मजकूर छपाईला देण्यापूर्वी वाचून पाहिला आणि ध्यानात आले की त्या पाऊण तासाचा त्यात उल्लेखच नाही. ‘राहून गेला’ असे म्हणणे खोटे ठरेल. तो आम्हाला सुचलाच नव्हता. जुने अंक काढून चाळले. आमच्याच नव्हे, इतरांच्याही श्रद्धांजल्या वाचल्या. पेटीला खांदा देणारे मान्यवर नावानिशी सापडले, पुष्पचक्रे वाहणाऱ्या संस्था सापडल्या. देहाला शेवटचे पाणी कुणी घातले, हे एकाही ठिकाणी सापडले नाही.

हा केवळ आमच्या लेखणीचा आळस आहे की साहित्याचीच जुनी सवय, हे पाहावे, म्हणून हा लेख. मर्तिकाच्या घरी स्त्रीने काय केले याचा इतिहास मोठा आहे. तो लिहिला कसा गेला, हा समीक्षेचा विषय आहे.

आरंभ आम्हा ख्रिस्ती लोकांना शुभवर्तमानापासूनच करावा लागतो. तेथे आश्चर्य असे की जगातील बहुतेक ग्रंथांनी जे झाकले ते चारही शुभवर्तमानकारांनी, कळत वा नकळत, उघडे ठेवले आहे. दफनाचे काम पुरुषांनी केले आहे. अरिमथाईकर योसेफाने पिलाताकडे जाऊन देह मागितला, निकदेमाने गंधरस आणि अगरू यांचे भले मोठे मिश्रण आणले, तागाचे कापड गुंडाळले, धोंड लावली. म्हणजे परवानगी, खर्च आणि अवजड काम ही पुरुषांची बाजू. आमच्या गॅलरीतल्या चर्चेहून ती फार वेगळी नाही. त्या वेळी स्त्रिया काय करीत होत्या? मार्क सांगतो की त्या कोठे ठेवले ते पाहत होत्या. लूक सांगतो की त्या घरी जाऊन सुगंधी द्रव्ये तयार करीत होत्या. शब्बाथ संपताच पहाटे त्या निघाल्या त्या पुनरुत्थान पाहण्यासाठी नव्हे. शुक्रवारी सांज झाली म्हणून घाईत उरकलेले काम नीट करावे, एवढ्याच साठी. प्रेताची उस्तवार करायला गेलेल्या बायकांना ती बातमी आधी मिळाली आणि त्यांनी येऊन सांगितली तेव्हा प्रेषितांना ती बडबड वाटली, हेही लूकने लपविलेले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली मरिया माग्दालेनाच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या बरोबरीने सणाचा दर्जा दिला. तिला प्रेषितांची प्रेषित म्हणण्याची परंपरा जुनीच होती. प्रवचनांतून आम्ही हे अनेकदा ऐकतो. परंतु ती हातात काय घेऊन निघाली होती, यावर प्रवचन थांबलेले आमच्या ऐकिवात नाही.

मार्कच्या चौदाव्या अध्यायातील प्रसंग याहून बोलका आहे. बेथानीत एक स्त्री येशूच्या मस्तकावर मोलाचे तेल ओतते, जमलेले लोक पैशाचा हिशेब करू लागतात, आणि येशू म्हणतो की हिने माझ्या दफनाची तयारी आगाऊच केली. शुभवर्तमान जेथे जेथे गाजविले जाईल तेथे हिचीही आठवण निघेल, असे वचनही तो देतो. आणि ज्या मार्कने हे लिहून ठेवले त्याने तिचे नाव दिलेले नाही! योहानाने पुढे नाव दिले म्हणून बरे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात यापोची ताबीथा मरते. तिला आंघोळ घालून माडीवर ठेवतात. आंघोळ कुणी घातली ते लेखक सांगत नाही. तिने शिवलेले अंगरखे दाखवीत रडणाऱ्या विधवा मात्र तो दाखवितो. काम झाले, कर्ता नाही, आणि बाजूला रडणाऱ्या बायका. ही वाक्यरचना आम्हाला ओळखीची वाटली. आमच्या श्रद्धांजल्यांचे व्याकरण हेच आहे.

लोकभक्तीने मात्र या बाबतीत ग्रंथांवर मात केली आहे. क्रुसाच्या वाटेवर सहाव्या स्थानी वेरोनिका चेहरा पुसते. तेराव्या स्थानी आपण देह मातेच्या मांडीवर दिलेला पाहतो. मायकेलअँजेलोने पंधराव्या शतकाच्या अखेरीस संगमरवरात कोरला तो प्रसंग हाच. हे दोन्ही प्रसंग शुभवर्तमानात नाहीत. उपवासकाळात जी भक्ती शतकानुशतके चालत आली तिला ते हवेसे वाटले, म्हणून ते आले. मरणाच्या वाटेवरच्याचा चेहरा पुसणारी, मेलेल्याला मांडीवर घेणारी बाई दिसल्याशिवाय भाविकांना ती वाट पुरी वाटेना, असा याचा अर्थ आम्ही करतो. धर्मपंडितांनी यावर रागावू नये.

आता आमच्या भूमीकडे येऊ. तुळिंजपासून हाकेच्या अंतरावर सोपारा आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, हे शाळेत शिकविले जाते. १९५६ साली नवव्या लेखाचा तुकडा आपल्या भुईगावला सापडला, हे तितकेसे कुणाला ठाऊक नसते. या नवव्या लेखाचा पूर्ण पाठ इतर ठिकाणी उपलब्ध आहे आणि तो वाचण्याजोगा आहे. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात, आणि विशेषतः बायका बरेच क्षुल्लक, निष्फळ विधी करतात, असा सम्राटाचा अभिप्राय त्यात आहे. आमच्या तालुक्यात सापडलेली ही बहुधा सर्वांत जुनी समीक्षा, आणि ती बायकांच्या विधींवरची! यादीत मृत्यूचे नाव नाही, ‘अशा इतर प्रसंगी’ एवढेच आहे. सम्राट चांगला होता, हिंसेपासून परतलेला होता. पण पुरुषाने गॅलरीतून पाहिले की आतले काम क्षुल्लक दिसते, हा दृष्टिदोष बावीसशे वर्षांपूर्वीचाही आहे, एवढे या दगडावरून सिद्ध होते.

पोर्तुगीज १५३४ साली वसईस आले ते आपल्याबरोबर मिझेरिकोर्दिया ही दयाधर्माची संस्था घेऊन आले. लिस्बनला ती १४९८ साली स्थापन झाली होती. दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी सातवे म्हणजे मृतांना मूठमाती देणे, आणि बेवारस, गरीब व देहदंड झालेल्यांचे दफन ही या संस्थेची ख्याती. तिचे सभासद पुरुष असत. झगे घालून, झेंडा व मेणबत्त्या घेऊन ते मिरवणुकीने जात. दुसरीकडे गोव्याच्या धर्मन्यायसभेने १७३६ साली काढलेल्या प्रसिद्ध फर्मानात नवख्रिस्ती लोकांच्या जन्म, विवाह व मृत्यूच्या वेळच्या घरगुती चालींवर बंदी घातली. रस्त्यावरच्या मिरवणुकीला सनद मिळाली आणि घरातल्या चालीरीती संशयास्पद ठरल्या. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा ती संस्था गेली, तो झगाही गेला. उंबरठ्याच्या आतील बायकांचे काम तेवढे कुणाच्या सनदेवाचून चालू राहिले. संस्था नव्हती, म्हणून कागद नाही. कागद नाही, म्हणून इतिहास नाही.

अशा स्थितीत मराठी मुलखातील एका बाईने स्वतः लिहून ठेवलेला एक प्रसंग आमच्या मते मोलाचा आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात वणवण करणाऱ्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कुटुंबात आधी वडील आणि मागोमाग आई गेली. दारिद्र्यामुळे तिला खांदा द्यायला कुणी पुढे होईना. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, मुलगा, आणि चौथी सोळा वर्षांची मुलगी. स्मशान सुमारे तीन मैल दूर. मुलीची उंची कमी पडे म्हणून तिने तिरडीचा आपला वाटा डोक्यावर घेतला. ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या ‘साक्षी’त त्यांनी हे चार वाक्यांत सांगितले आहे. न आक्रोश, न अलंकार. बाईने खांदा देऊ नये असा शास्त्रार्थ ज्या घरात घोकला जाई, त्या घरातल्या मुलीने तो असा मोडला, आणि मोडला म्हणून मिरविलाही नाही. उंचीचा तपशील तेवढा दिला. आम्हाला तर वाटते की त्या एका तपशिलात जे आहे ते मराठीतल्या कैक शोकगीतांत नाही. रमाबाई आमच्या पंथाच्या नव्हत, असे म्हणून त्यांना सोडून देण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. ती गेली तर बरे.

मराठी रंगभूमीने पुढे एकदा मयताला मध्यभागी आणले, ते सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये. १९७४ साली हे नाटक आले. मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तनकाराच्या थाटात उठून बोलतो, जुन्या स्मशानातच जळण्याचा हट्ट धरतो, मुलगा नाना अडकून पडतो. मरणाभोवतीच्या मध्यमवर्गीय सोपस्काराची अशी रेवडी मराठीत आधी उडाली नव्हती, आणि आम्ही हे नाटक श्रेष्ठ मानतो. तरीही आजच्या प्रश्नापुरते पाहता, रमा या विधवेला नाटककाराने काय दिले? शोक दिला, शोकाची लय दिली, आणि खांदेकऱ्यांपैकी एकाकडे ओढले जाणारे मन दिले. ते धैर्याचेच आहे. पण त्या घरात इतके दिवस प्रेत पडून आहे, त्याची उस्तवार ही बाई करीत नाही. ती रडते, ऐकते, इच्छा करते. तिचे हात रिकामे आहेत. नाटककार विडंबन करीत होता, त्याच्यावर वास्तवाचे ओझे नको, हे मान्य. पण विडंबनालादेखील हे हात दिसले नाहीत याची नोंद करावी लागते.

इंग्रजी साहित्याने ते हात पाहिले, पण हसण्यासाठी. डिकन्सच्या १८४३-४४ मध्ये क्रमशः आलेल्या ‘मार्टिन चझलविट’ कादंबरीतील मिसेस गॅम्प ही सुईण, परिचारिका आणि प्रेताला सजवून ठेवणारी, तिन्ही एकच. बाळंतपणाला आणि मयताला ती सारख्याच उत्साहाने निघते. दारूचा वास, अवाढव्य छत्री, आणि न दिसणाऱ्या मैत्रिणीचे दाखले. ती छत्री इतकी गाजली की इंग्रजीत छत्रीलाच ‘गॅम्प’ म्हणू लागले. जन्म आणि मरण या दोन्ही दारांशी एकच बाई उभी, ही गोष्ट आमच्या गावच्या वडीलधाऱ्यांना सांगितली तर ते म्हणतील, यात नवल ते काय? आमच्याही गावी जी बाळाला पहिले पाणी घाली तीच बहुधा म्हाताऱ्याला शेवटचे घाली. डिकन्सने तिला जिवंत केले खरे, पण तिच्याबरोबर तिचा धंदाही हास्यास्पद केला. प्रशिक्षित परिचारिकांची पिढी आली तेव्हा ‘गॅम्प’ ही शिवी झाली होती.

अमेरिकेत या इतिहासाने घेतलेले वळण पाहण्यासारखे आहे, कारण तेच वळण आज आमच्याकडे येऊ घातले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फिलाडेल्फियासारख्या शहराच्या व्यावसायिक नामावल्यांत ‘प्रेत सजविणाऱ्या’ अशी वेगळी नोंद असे, आणि ती नावे मुख्यतः बायकांची असत. पेटी सुताराकडून यायची, गाडी तबेलेवाल्याकडून. १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध झाले, दूर पडलेल्या सैनिकांचे देह घरी पाठविण्यासाठी रसायने टोचून टिकविण्याची कला वाढली, आणि लिंकनचा देह आगगाडीने गावोगाव दाखवीत नेला गेला तेव्हा ती घराघरांत माहीत झाली. १८८२ साली अंत्यविधी-संचालकांची राष्ट्रीय संघटना निघाली. सुतार आता ‘संचालक’ झाला, त्याने परवाना घेतला, विज्ञानाचे नाव घेतले, आणि पुढे तर प्रेत घरातून उचलून आपल्याच वास्तूत नेले. तिचे नाव फ्युनरल होम. ‘घर’ हा शब्द नेला, घरातली बाई मागे ठेवली. जे काम पिढ्यानपिढ्या तिचे होते त्याला ती आता नाजूक ठरली! मालकाची पत्नी म्हणून ती हिशेब ठेवी, स्त्री-प्रेतांचे केस विंचरी. तिचे नाव पाटीवर क्वचितच येई. विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत चित्र पालटू लागले, आणि आज तेथील या विषयाच्या शाळांत मुलींची संख्या मुलांहून अधिक आहे. म्हणजे दीडशे वर्षांचा फेरा घालून, फी भरून, परीक्षा देऊन, ती आपल्याच कामावर परत आली.

या मधल्या काळाची कादंबरी एका कॅथलिक लेखकाने लिहिली आहे. ईव्हलिन वॉ १९३० साली कॅथलिक झाला. १९४७ साली तो चित्रपटाच्या बोलणीसाठी हॉलिवूडला गेला, तेथील भव्य दफनोद्यान पाहून थक्क झाला आणि १९४८ साली त्याने ‘द लव्ह्ड वन’ लिहिली. नायिका एमी थानाटोजेनोस ही ‘व्हिस्परिंग ग्लेड्स’ या मृतांच्या आलिशान वास्तूत कनिष्ठ प्रसाधिका आहे. वरिष्ठ मिस्टर जॉयबॉय तिच्यावर भाळला आहे, म्हणून तिच्याकडे पाठविलेल्या प्रेतांच्या ओठांवर तो हसू बसवून देतो. ती संस्थेतील पहिली स्त्री-शवरक्षक होईल, असे आश्वासनही तिला मिळते. शेवटी दोन पुरुषांच्या ओढाताणीत ती रसायन टोचून घेऊन मरते, आणि तिचा देह पाळीव जनावरांच्या भट्टीत गुपचूप जाळला जातो. अमेरिकन लोक मरणाला रंग फासून ख्रिस्ती आशा घालवून बसले, हा वॉचा रोख आम्हाला पटतो. पुस्तक धारदार आहे, हसवते आणि दचकवते. पण वाचून संपले की एक प्रश्न उरतो. या कथेत आपले काम मनापासून, श्रद्धेने करणारी एकच व्यक्ती आहे, ती एमी. वॉने तिच्याच श्रद्धेची सर्वांत अधिक थट्टा केली आणि देहाची विल्हेवाटही तिचीच सर्वांत वाईट लावली. धंद्यावर आसूड ओढायचा होता, तो कामगार बाईच्या पाठीवर बसला. कॅथलिक लेखकाकडून, ज्याच्या पंथात मृताला मूठमाती देणे हे दयेचे कृत्य आहे, आम्ही थोडी अधिक अपेक्षा केली असती.

याच्या उलट महाश्वेता देवींची ‘रुदाली’. १९७९ ची ही बंगाली कथा, १९९३ साली कल्पना लाजमी यांच्या चित्रपटाने सर्वांपर्यंत पोचली. चित्रपटातील शेवटच्या अश्रूंमुळे मूळ कथेची धार अनेकांच्या ध्यानात आली नाही. शनिचरी आपल्या माणसांसाठी रडू शकत नाही, कारण भुकेने तिला तेवढी सवड कधी दिलीच नाही. ती रडते ते मजुरीसाठी, आणि मजुरी ठरवून घ्यायला शिकते. महाश्वेता देवी तिची कीव करीत नाहीत, तिचे देवत्वही करीत नाहीत. दर काय, वाटा कुणाला, पुढचे मयत कोठे, हे त्या नीट सांगतात. मरणाच्या घरची बाई कशी लिहावी याचा धडा आम्हाला वॉपेक्षा येथे मिळाला.

आता वसईच्या लेखकांकडे वळणे भाग आहे, आणि येथे लेखणी जरा जड होते, कारण दोष आमच्याही पदरी आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ च्या जुलैत ते गेले. ‘मराठी ख्रिस्ती साहित्य म्हणून काही आहे का’ हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारू नये. परंतु जे स्वतःच्या पायावर उभे आहे त्याला कठीण प्रश्न विचारता येतात. आमच्या कथा-कवितांत बावखले आहेत, केळीच्या बागा आहेत, लग्नाची गाणी आणि नाताळची रोषणाई आहे. मृत्यूही पुष्कळ आहे, तो बहुधा घंटेच्या नादाने सुरू होतो आणि क्रुसापाशी संपतो. मधल्या वेळात घरात काय झाले, याबद्दल आमचे लेखक अवघडतात. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. लिहिणारे बहुतेक पुरुष आणि धर्मगुरू, त्यांना त्या दाराआड प्रवेश नव्हता. लिहू लागलेल्या बायकांनाही, आमच्या तर्काप्रमाणे, हा विषय ‘साहित्याचा’ वाटला नाही. पाणी कोमट असावे, जबडा वेळेत बांधावा, सुजलेल्या बोटातून अंगठी साबणाने काढावी, यात कसले साहित्य, असे आम्हा सर्वांनाच वाटत आले.

जे दिसत नव्हते ते २०२० साली एकदम दिसले, कारण ते हिरावून घेतले गेले. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या सूचनांनी करोनाने मृत झालेल्यांच्या देहाला आंघोळ घालणे, कवटाळणे, चुंबन घेणे यांस मनाई केली. पिशवीची चेन थोडी उघडून चेहरा पाहण्यापुरती मुभा होती. साथीत ते आवश्यक होते, त्यावर वाद नाही. मुंबईत दफनाच्या हक्कावर न्यायालयापर्यंत भांडण झाले. दफनभूमी, अंतर, संसर्ग, घटना यांची चर्चा वृत्तपत्रांत महिनाभर गाजली. ती व्हायला हवीच होती. पण ज्या बायका ‘मी आईला पाणीसुद्धा घालू शकले नाही’ म्हणून आजही मध्येच गप्प होतात, त्यांचे दुःख त्या सबंध चर्चेत कोणत्या रकान्यात बसत होते? त्यानंतर वसईत त्या काळावर बरेच लेखन झाले, आम्ही जमेल तितके वाचले. पिशवी आहे, रुग्णवाहिका आहे, ओस पडलेले चर्च आहे. न घातलेली आंघोळ एक-दोन ओळींपलीकडे नाही.

आमचे म्हणणे कुणी भाबडेपणाचे समजू नये. जुने सगळे छान होते आणि अंडरटेकरने ते बिघडविले, असे आम्ही म्हणत नाही. तुळिंजच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जेथे जिवंत माणसाला आंघोळीला पाणी दिवसाआड मिळते, तेथे कुणी पैसे देऊन ही सोय विकत घेतली तर तो त्या घराचा अधिकार आहे. जुन्या व्यवस्थेतही न्याय होता असे नाही. हे काम बहुधा विधवांच्या, गरीब नात्यातल्या बायकांच्या वाट्याला येई, आणि ते झाल्यावर त्यांच्या हातचे काही दिवस नकोसे वाटे. काम पवित्र, करणारी विटाळलेली, हा दुटप्पीपणा आमच्या ख्रिस्ती घरांनीही पुरता टाकलेला नव्हता. हे सर्व लिहायला हवे, आणि गोड करून लिहू नये.

अडचण दुसरीच आहे. आमच्या भागात हा धंदा आता जोमाने वाढतो आहे. थंड पेटी, फुलांची सजावट, दूरच्या नातलगांसाठी चित्रीकरण. त्यात पेटी उचलणारी, गाडी चालवणारी, पैसे घेणारी पोरे आहेत. बाई अजून दिसत नाही. अमेरिकेने दीडशे वर्षांत घेतलेला वळसा आम्ही दहा-वीस वर्षांत घेऊ, अशी चिन्हे आहेत. ज्या दिवशी एखादी मुलगी हा व्यवसाय करायला निघेल त्या दिवशी ‘हे काय बायकांचे काम?’ असे आम्हीच विचारू, कारण ते बायकांचेच होते हे कुठे लिहिलेले नसेल. कोचीजवळ थ्रिक्काकरा येथील दहनभूमीत एका ख्रिस्ती स्त्रीने वर्षानुवर्षे चिता सांभाळली, त्याची बातमी झाली ती ‘अजब’ या सदरात. चर्चचे नियम तर आमच्या कल्पनेपेक्षा पुढे आहेत. १९६९ च्या सुधारित अंत्यविधीच्या प्रस्तावनेत, गरज असेल तेथे, बिशपांच्या परिषदेने रोमची संमती घेऊन प्रापंचिक व्यक्तीलाही विधी चालविण्यास नेमता येईल, अशी तरतूद आहे. प्रापंचिक म्हणजे केवळ पुरुष, असे तेथे म्हटलेले नाही.

श्रद्धांजलीचा तो मजकूर आम्ही परत मागवून घेतला. त्यात दोन वाक्ये घातली आणि समुदायाच्या संख्येचे एक काढले. मग त्या तिघींकडे गेलो. खानावळवाल्या बाईंना डब्यांची घाई होती, त्या म्हणाल्या, त्यात लिहायचे काय, तुम्ही पण ना भाऊ! कॅथलिक बाई आधी लाजल्या, मग आपल्या सासूने कसे शिकविले ते सांगू लागल्या, सांगता सांगता सासूच्याच आंघोळीपाशी येऊन थांबल्या. मुसलमान बाई अर्धा तास बोलल्या. उजव्या अंगाने सुरुवात का करायची, उघडे अंग चादरीखाली ठेवून पाणी कसे घालायचे, आपल्याला काही व्यंग दिसले तर ते बाहेर का बोलायचे नाही. त्या दिवशी तिघींच्या तीन रीती होत्या, मग कोणती चालली, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, पाणी माझ्या रीतीने, प्रार्थना त्यांच्या, आणि केस हिने विंचरले, कारण म्हातारीचा भांग कुठल्या बाजूला असतो ते हिलाच ठाऊक होते.

हे सारे आम्ही वहीत उतरवून घेतले आहे. तिघींनी वाचून संमती दिल्यास पुढील अंकी छापू.